फझ पेडल रोज सारखंच वाजावं म्हणून आत काय काय बदलायचं

जुन्या पद्धतीच्या फझ पेडलबद्दल (गिटारचा आवाज मुद्दाम जाड आणि फाटका करणारा डबा) सगळ्यांची तक्रार एकच असते, परवा काय भारी वाजत होतं आणि आज काय झालंय कळत नाही. नॉब तिथेच, गिटार तीच, अँप तोच, तरी आवाज पातळ, नोट संपता संपता फाटून तुटते, आणि गिटारचा व्हॉल्यूम खाली घेतला की जो छान स्वच्छ टोन यायचा तो येतच नाही. मग कोणीतरी सांगतं की आतल्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरला मूड असतो आणि विषय तिथेच संपतो. मला हे पटत नाही. मूड वगैरे काही नसतो, आत एकदोन ठिकाणचं व्होल्टेज सरकलेलं असतं, ते मल्टिमीटरवर दिसतं आणि बहुतेक वेळा एका ट्रिमरने (बोर्डावरचा, स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) जागेवर आणता येतं. म्हणून या लेखातला क्रम असा आहे की आधी मोजायचं, मग एक गोष्ट बदलायची, मग परत मोजायचं आणि ऐकायचं. एका बैठकीत पाच पार्ट बदलले तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

इथे मी फझ फेस डोळ्यासमोर ठेवून लिहितोय कारण नवशिक्यासाठी यापेक्षा सोपं सर्किट नाही. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये हे गोल डब्यातलं पेडल काढलं, डब्याचा आकार माइक स्टँडच्या बुडावरून घेतला म्हणतात. आत फक्त दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट, म्हणजे नॉबखालचे फिरणारे रेझिस्टर. सुरुवातीला जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते, एनकेटी२७५ किंवा एसी१२८, नंतर बीसी१०८, बीसी१०९, बीसी१८३ असे सिलिकॉन आले. टोन बेंडरच्या काही मॉडेलचं पोट बरंचसं असंच आहे, तिथेही यातलं पुष्कळ लागू पडतं. बिग मफ मात्र चार ट्रान्झिस्टरचं वेगळं प्रकरण आहे, त्याला हे उपाय लावू नका.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्याकडे खरंखुरं साठच्या-सत्तरच्या दशकातलं पेडल असेल तर त्याला सोल्डरिंग आयर्न लावू नका, त्याची किंमत त्या मूळ पार्टमध्ये आणि मूळ सोल्डरमध्येच आहे. हे सगळं रीइश्यू (कंपनीने नव्याने काढलेलं जुनं मॉडेल), क्लोन (दुसऱ्याने केलेली नक्कल) किंवा स्वतः किटवरून बनवलेल्या पेडलवर करा. बोर्डावर पायवाले पार्ट असतील तर काम सोपं, अगदी बारीक चिकटवलेले पार्ट असतील तर नवशिक्याने त्या वाटेला न गेलेलं बरं.

आत काय चाललंय ते आधी समजून घ्या

हे दोन मिनिटांचं काम आहे पण हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात, बेस, कलेक्टर आणि एमिटर, बेसवरच्या छोट्या सिग्नलने बाकी दोघांमधला मोठा करंट हलतो. गिटारचा सिग्नल २.२ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर जातो. त्याच्या कलेक्टरला ३३ के (म्हणजे किलोओहम) चा रेझिस्टर आहे आणि तिथूनच थेट, मध्ये कपॅसिटर न घालता, दुसऱ्याचा बेस जोडलाय. दुसऱ्याच्या एमिटरला १ के चा फझ पॉट, पॉटच्या मधल्या पायाला २० मायक्रोफॅरड, आणि त्याच एमिटरवरून १०० के चा रेझिस्टर मागे फिरून पहिल्याच्या बेसला. दुसऱ्याच्या कलेक्टरला ८.२ के आणि त्याच्या वर ४७० ओहम, आउटपुट या दोघांच्या मधून घेतलंय, पुढे ०.०१ मायक्रोफॅरड आणि ५०० के चा व्हॉल्यूम.

गंमत अशी की दोन्ही ट्रान्झिस्टर एकमेकांना थेट जोडलेले आणि वरून तो १०० के चा फेरा, त्यामुळे एकात काही हललं की दुसरा हलतोच. पहिल्यातला करंट वाढला तर दुसऱ्याचा कमी होतो, आणि दुसऱ्याचा करंट कमी झाला की त्याच्या कलेक्टरचं व्होल्टेज बॅटरीच्या बाजूला सरकतं. आवाज नेमका या कलेक्टरवरच घडतो. इथलं व्होल्टेज साधारण मध्यावर असेल तर सिग्नल वरून आणि खालून सारखा कापला जातो, नोट भरीव लागते आणि लांब टिकते. व्होल्टेज एका टोकाला गेलं की लहान सिग्नल पार होतच नाही, म्हणजे नोट विरताना एकदम बंद पडते, तोच तो फाटका थुकरट आवाज. काहींना तो आवडतो, आवडो बापडा, पण तो हवा तेव्हा यावा, आपोआप नको.

हत्यारं

मल्टिमीटर लागतोच, साधा चालतो. बारीक टोकाचं आयर्न, सोल्डर, सोल्डर ओढायचा पंप, एक बारीक स्क्रूड्रायव्हर, दोनतीन क्रोकोडाइल क्लिप असलेल्या वायरी आणि ट्रान्झिस्टरसाठी सॉकेट. सॉकेटवर कंजूसपणा करू नका, जर्मेनियमला उष्णता सोसत नाही आणि शिवाय तुम्ही ट्रान्झिस्टर नक्कीच बदलून बघणार आहात. खिडकी उघडी ठेवा, काम झालं की हात धुवा. बॅटरीवर काम करा म्हणजे झटका बसायचा प्रश्नच नाही, पण अडॅप्टर किंवा अँप उघडायला जाऊ नका, तिथे मामला वेगळा आहे.

पहिली पायरी, काहीही न बदलता मोजणं

पेडलचा फोटो काढा, सगळ्या वायरी दिसतील असा. मग इनपुटला केबल लावा (बऱ्याच पेडलमध्ये केबल घुसवल्याशिवाय बॅटरी चालूच होत नाही), गिटारचा व्हॉल्यूम शून्य, फझ फुल. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. काळी पिन ग्राउंडला, म्हणजे जॅकच्या बाहेरच्या भागाला, आणि लाल पिनने एकेक पाय बघायचा. ट्रान्झिस्टर पीएनपी किंवा एनपीएन असतात, दोघांची पोलॅरिटी एकमेकांच्या उलट. पीएनपी जर्मेनियम असेल तर सगळे आकडे उणे दिसतील, घाबरू नका, त्या पेडलमध्ये बॅटरीचा प्लस ग्राउंडला असतो.

चिन्ह सोडून द्या आणि आकडे बघा. जर्मेनियममध्ये पहिल्याचा कलेक्टर अर्धा ते पाऊण व्होल्टच्या आसपास, दुसऱ्याचा एमिटर ०.३ ते ०.५, आणि दुसऱ्याचा कलेक्टर, जो खरा महत्त्वाचा, तो ४.५ ते ५ च्या दरम्यान हवा. सिलिकॉनमध्ये पहिल्याचा बेस ०.६ च्या जवळ, कलेक्टर १.२ ते १.४, दुसऱ्याचा एमिटर ०.६ ते ०.७. हे सगळं एका कागदावर लिहा, सोबत बॅटरीचं व्होल्टेज आणि खोलीचं तापमानही लिहा, तापमान का ते पुढे येतंच.

हे मोजताना बरेचदा असं दिसतं की दुसऱ्याचा कलेक्टर ७ किंवा ८ वर जाऊन बसलाय. म्हणजे रोग सापडला. उलट २ वगैरे असेल तरी रोगच, फक्त दुसऱ्या बाजूचा.

त्याच वेळी पॉवर काढून फझ पॉटही मोजून घ्या, बाहेरच्या दोन पायांमध्ये, आणि शक्यतो वायर सोडवून, नाहीतर बाकी सर्किट मध्ये येऊन आकडा चुकतो. १ के लिहिलेला पॉट ८५० ओहमचा निघू शकतो किंवा ११५० चा, कारण पॉटमध्ये वीस टक्के इकडेतिकडे चालवून घेतलं जातं. आणि हा पॉट नुसता नॉब नाहीये, दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा सगळा करंट त्याच्यातूनच ग्राउंडला जातो, त्यामुळे पॉट कमी ओहमचा तर करंट जास्त, आणि बायस, म्हणजे सिग्नल नसताना ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजवर बसतो तो, हललाच. एकाच कंपनीची एकाच मॉडेलची दोन पेडलं वेगळी का वाजतात त्याचं हे एक साधं कारण आहे ज्याच्याकडे कोणी बघतच नाही, सगळे ट्रान्झिस्टरचीच नावं घेत बसतात.

दुसरी पायरी, जर्मेनियम ट्रान्झिस्टर तपासणं

सिलिकॉनवाल्यांनी ही पायरी सोडून पुढे जा.

जर्मेनियम ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडा करंट सोडतो, नळ घट्ट फिरवला तरी थेंब थेंब गळावा तसा. याला लीकेज म्हणतात. सगळा घोळ या लीकेजचा आहे कारण तापमान साधारण १० अंश सेल्सियसने वाढलं की ते दुप्पट होतं. सकाळी गार खोलीत बायस लावला आणि संध्याकाळी स्टेजवर दिव्यांखाली वाजवलं तर पेडल बदलणारच. आणि पहिल्या ट्रान्झिस्टरचं लीकेज जास्त त्रास देतं, कारण त्याच्यामागे सगळं सर्किट लटकलंय. ३३ के मधून त्याला एकूण पाव मिलिअँपच मिळतो, त्यातले १०० मायक्रोअँप जर लीकेजनेच खाल्ले तर दुसऱ्याच्या एमिटरचं व्होल्टेज खाली येतं, करंट कमी होतो आणि कलेक्टर चालला बॅटरीकडे.

मल्टिमीटरला ट्रान्झिस्टरचा गेन (सिग्नल किती पट मोठा करतो ते) मोजायची सॉकेट असते तिच्यावर जर्मेनियमसाठी विश्वास ठेवू नका, ती लीकेजलाही गेन समजते आणि गळका ट्रान्झिस्टर १४० दाखवून मोकळी होते. त्यापेक्षा जुनी रीत सोपी आहे. ९ व्होल्टची बॅटरी, २.४ के चा एक रेझिस्टर, २.२ मेगाओहमचा एक. पीएनपीचा एमिटर बॅटरीच्या प्लसला, कलेक्टर २.४ के मधून मायनसला, बेस मोकळा. आता २.४ के च्या दोन टोकांमधलं व्होल्टेज बघा, हे लीकेजचं. ०.२४ व्होल्ट म्हणजे १०० मायक्रोअँप, त्या हिशोबाने बाकीचं. मग बेसवरून २.२ मेगाओहम मायनसला जोडा आणि परत वाचा. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला आणि १०० ने गुणलं की खरा गेन. म्हणजे आधी ०.२० आणि मग १.०५ आलं तर फरक ०.८५, गेन ८५ च्या जवळ, लीकेज साधारण ८० मायक्रोअँप, हा चांगला ट्रान्झिस्टर, जपून ठेवा.

मोजताना ट्रान्झिस्टर बोटात धरू नका. बोटाच्या उबेनेच आकडा चढत जातो, तो चढताना बघायला मजा येते पण मोजमाप म्हणून काही उपयोगाचं नाही. सॉकेटमध्ये खोचा, थोडा वेळ तसाच राहू द्या, आकडा थांबला की लिहा.

फझ फेससाठी बरेच जण पहिला ७० ते ८५ गेनचा आणि दुसरा ११० ते १३० चा घेतात, आणि माझाही तोच सल्ला. लीकेज दोन्हीकडे १०० च्या खाली असेल तर उत्तम, २०० पर्यंत चालवून घेता येतं, ३०० च्या पुढे गेला की बाजूला काढा. दोघांमधला कमी गळका तो पहिल्या जागेवर, हे गेनच्या आकड्यापेक्षाही महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. आणि नावावर जाऊ नका. एनकेटी२७५ छापलेला गळका ट्रान्झिस्टर हा गळकाच, आणि कुठलाही अनोळखी पीएनपी जर्मेनियम मोजमापात बसला तर तो सुरेख वाजतो.

तिसरी पायरी, बायस ट्रिमर

बाकी काही नाही केलंत तरी चालेल पण हे करा.

दुसऱ्याच्या कलेक्टरवरचा ८.२ के काढायचा आणि त्याच्या जागी २.२ के चा फिक्स रेझिस्टर आणि १० के चा ट्रिमर एकामागे एक जोडायचे. म्हणजे रेंज २.२ के पासून १२.२ के पर्यंत मिळते, ट्रिमर चुकून शून्यावर गेला तरी २.२ के शिल्लक राहतो. ट्रिमरचा मधला पाय आणि एक कडेचा पाय वापरा, आणि उरलेला पाय मधल्याला जोडून टाका म्हणजे आत कधी संपर्क सुटला तरी सर्किट उघडं पडत नाही.

सोल्डरिंग झाल्या झाल्या बायस लावू नका. बोर्ड अजून गरम असतो आणि गरम जर्मेनियमवर लावलेला बायस गार झाल्यावर पार वेगळा निघतो. पंधरावीस मिनिटं सोडून द्या, तोवर दुसरं काहीतरी करा. मग फझ फुल, गिटार शून्य, लाल पिन दुसऱ्याच्या कलेक्टरवर, आणि ट्रिमर हळूहळू फिरवून ४.५ वर आणा.

आता ४.५ हा आकडा सगळीकडे देवासारखा पुजला जातो पण हिशोब केला तर एमिटर स्वतः अर्ध्या व्होल्टवर बसलेला असतो, म्हणजे कलेक्टरला हलायला जागा अर्ध्यापासून नऊपर्यंत, आणि तिचा मध्य ४.७५ येतो. म्हणून ४.५ वरून सुरुवात करा, गिटार लावा, आणि ५.५ पर्यंत थोडं थोडं वर नेत कानाने ठरवा. एकच नोट मोठ्याने वाजवून ती पूर्ण विरेपर्यंत ऐकायची, कॉर्ड वाजवून हे कळत नाही. जिथे नोट गुळगुळीत विरते तिथे थांबा आणि तो आकडा लिहून ठेवा, कारण यापुढे हाच तुमचा आकडा.

सिलिकॉन असेल तर ८.२ के ने कलेक्टर साडेतीनच्या आसपास बसलेला दिसतो, कारण सिलिकॉनचं बेस-एमिटर व्होल्टेज जास्त असल्याने दुसऱ्यात करंटही जास्त वाहतो. तिथे ट्रिमर कमी करायचा, २.२ के धरून एकूण सहा-सात के च्या जवळ बरोबर बसतो.

तापमानाचं काय करायचं

ट्रिमर एकदा लावून डबा बंद केला तर तो त्या तापमानापुरता. सतत वेगवेगळ्या ठिकाणी वाजवत असाल तर ट्रिमरच्या जागी छोटा १० के चा पॉट लावून त्याचा दांडा डब्याच्या बाहेर काढा, त्याला बायस नॉब म्हणतात, आणि हल्लीच्या बऱ्याच क्लोनमध्ये तो असतोच. वाजवायच्या आधी पेडल त्या जागेवर अर्धा तास ठेवून मगच नॉब लावायचा. डब्यावर तुमच्या नेहमीच्या जागेची बारीक खूण करून ठेवा, गरमीत खुणेच्या पुढे, गारठ्यात मागे.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, तो म्हणजे हायब्रिड. पहिला ट्रान्झिस्टर सिलिकॉनचा, दुसरा जर्मेनियमचा. त्रासदायक लीकेज पहिल्याचं असतं आणि सिलिकॉनमध्ये ते जवळपास नसतंच, त्यामुळे पेडल तापमानाला फारसं भीक घालत नाही, आणि शेवटचं कापणं जर्मेनियममध्येच होत असल्याने आवाजाची गोलाई बरीचशी टिकते. पीएनपी सर्किटमध्ये पीएनपीच लागेल, २एन३९०६ किंवा बीसी५५७ सारखा, आणि शक्यतो कमी गेनचा शोधा. पायांचा क्रम जर्मेनियमपेक्षा वेगळा असतो, डेटाशीट बघितल्याशिवाय खोचू नका. खोचल्यावर बायस खाली गेलेला दिसेल, ट्रिमर परत लावायचा. जर्मेनियमभक्त नाक मुरडतील, मुरडू द्या.

सिलिकॉनवाल्यांसाठी थोडं

सिलिकॉन तापमानाला स्थिर असतं पण त्याचा त्रास वेगळा, गेन प्रचंड. बीसी१०८ चा ए गट ११० ते २२० चा, बी गट २०० ते ४५० चा आणि सी गट ४२० ते ८०० चा. एकाच नावाखाली एवढा फरक, त्यामुळे नुसतं बीसी१०८ म्हणून घेऊ नका, पुढचं अक्षर वाचा. नवशिक्याने ए किंवा बी पासून सुरुवात करावी. आवाज कर्कश असेल किंवा मध्येच रेडिओ स्टेशन ऐकू येत असेल (खरंच येतं), तर पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसमध्ये ४७ पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. नाही भागलं तर १०० पर्यंत जा, त्याच्या पुढे टोन मंद व्हायला लागतो.

इनपुटची बाजू, म्हणजे पेडलच्या आधी काय आहे

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. या फझचा इनपुट इम्पिडन्स (गिटारच्या सिग्नलला दिसणारा विरोध) फारच कमी, काही हजार ओहम. त्यामुळे गिटारचा पिकअप त्याच्या सर्किटचाच भाग होऊन जातो, आणि गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की टोन स्वच्छ होतो तो यामुळेच. मध्ये बफर (सिग्नल तसाच पुढे देणारं पण गिटारला फझपासून वेगळं करणारं छोटं सर्किट) आला, मग तो ट्यूनरमधला असो, वायरलेसचा असो की बंद असूनही बफर चालू ठेवणाऱ्या एखाद्या पेडलचा, की पिकअप आणि फझचं नातं तुटतं, आवाज चिरका होतो आणि साफ होणं बंद. आज टोन वेगळा का याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं की नवीन ट्यूनर फझच्या आधी लावला. फझ पहिला ठेवा, फुकटात निम्मं काम होतं.

फझ पहिला ठेवणं शक्यच नसेल तर इनपुट कपॅसिटरच्या आधी ५० के चा ट्रिमर रेझिस्टरसारखा लावा, सिग्नलच्या वाटेत, आणि बफर लावून १० के ते ३० के मध्ये कुठे बरं वाटतं ते बघा. गेन थोडा पडतो, पण चिरकेपणा जातो. वाह पेडल आधी असेल आणि दोन्ही मिळून शिट्टी मारत असतील तरीही हाच ट्रिमर कामाला येतो, तिथे फक्त ओहम जास्त लागतात.

हंबकरवर (दोन कॉइलचा जाड आवाजाचा पिकअप) आवाज फार गढूळ होत असेल तर २.२ मायक्रोफॅरडच्या जागी ०.२२ घाला. पिकअप आणि इनपुट मिळून १५ के धरले तर ०.२२ ला कट, म्हणजे ज्याच्या खालचा बेस कमी होतो ती जागा, साधारण ४८ हर्ट्झवर येतो आणि ०.१ ला १०६ वर, आणि गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, म्हणजे ०.१ ने बेस खरोखर कमी होईल, ०.२२ ने फक्त आवरेल. २.२ च ठेवायचा असेल आणि तो इलेक्ट्रोलिटिक असेल तर नवीन लावा आणि दिशा बघा, पीएनपीमध्ये प्लस गिटारच्या बाजूला, एनपीएनमध्ये प्लस बेसच्या बाजूला. फझ पॉटवरचा २० मायक्रोफॅरडही जुना झाला की सुकतो आणि फुल फझवरही आवाजात अंग राहत नाही, तिथे सरळ नवा २२ घाला. त्याचा प्लस पीएनपीमध्ये ग्राउंडला, एनपीएनमध्ये पॉटच्या बाजूला.

आउटपुटचा ०.०१ मात्र लोक उगाच बदलतात. ५०० के च्या व्हॉल्यूमसोबत त्याचा कट ३२ हर्ट्झवर पडतो, बेस तिथे जातच नाही. हां, कोणी व्हॉल्यूमचा पॉट १०० के चा लावून ठेवला असेल तर तोच कट १५९ वर जातो आणि मग आवाज खरोखर पातळ होतो, तेव्हा पॉट आधी तपासा. एकूण आवाजच कमी वाटत असेल तर ४७० ओहमच्या जागी १ के, लगेच फरक कळतो, बायस परत एकदा बघून घ्यायचा.

पॉवर

दोन्ही ट्रान्झिस्टर मिळून हे पेडल एक मिलिअँपही खात नाही, बॅटरी कितीतरी महिने जाते, फक्त वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढायला विसरू नका. नवी अल्कलाइन बॅटरी साडेनऊच्या आसपास असते आणि वापरून आठवर येते, त्याबरोबर बायसही सरकतो. तुम्हाला थकलेल्या बॅटरीचा आवाज आवडतो तर तो किती व्होल्टला आवडतो ते मोजून ठेवा, नाहीतर तो योगायोगच राहील.

अडॅप्टर लावायचा असेल तर पीएनपीवाल्यांनी नीट वाचा. तुमच्या पेडलमध्ये प्लस ग्राउंडला आहे आणि बाकी सगळ्यांत मायनस ग्राउंडला. एकाच अडॅप्टरवरून फाटे काढून सगळ्यांना दिलं तर ऑडिओ केबलच्या जाळीतून अडॅप्टर सरळ शॉर्ट होतो. एकतर आयसोलेटेड आउटपुट (प्रत्येक आउटपुटचा ग्राउंड वेगळा) असलेला पॉवर सप्लाय घ्या आणि त्या आउटपुटला उलट पोलॅरिटीची केबल लावा, किंवा आत टीसी१०४४एस सारखी चिप बसवून उणे ९ व्होल्ट तयार करा. अशा चिपचा १ नंबरचा पाय ८ नंबरला जोडायचा असतो, त्याने तिची फ्रिक्वेन्सी कानाला ऐकू येणार नाही इतकी वर जाते, नाहीतर फझ ती शिट्टी आनंदाने मोठी करून ऐकवतो. दोन्ही प्रकारांत पॉवरच्या वाटेत १०० ओहम आणि ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड घाला, घरघर बरीच जाते आणि एवढ्या कमी करंटला व्होल्टेज ०.१ ने सुद्धा पडत नाही.

उरलेलं किरकोळ

फझ पॉट साध्या लिनिअरचा असेल तर सगळा बदल शेवटच्या चिमूटभर फिरवण्यात होतो आणि कालची सेटिंग आज सापडत नाही. रिव्हर्स लॉगचा (उलट्या चढाने बदलणारा) १ के लावा, बदल नॉबभर पसरतो. फिरवताना थोडी खरखर येणं मात्र या सर्किटमध्ये स्वाभाविक आहे, पॉटच्या मधल्या पायावर डीसी असतं, त्यामुळे पॉट खराब झाला समजू नका.

स्विच दाबताना टप्प असा आवाज येत असेल तर इनपुटपासून ग्राउंडला १ मेगाओहम जोडा, कपॅसिटरच्या आधी. जुने कार्बनचे रेझिस्टर मोजा, ३३ के आणि १०० के दोन्ही, दहा टक्क्यांपेक्षा जास्त सरकले असतील तर एक टक्क्याचे मेटल फिल्म लावा, आणि जादू गेली वगैरे काही होत नाही.

सगळं जोडल्यावर आवाजच आला नाही तर पहिल्या पायरीचे आकडे परत घ्या. दुसऱ्याचा कलेक्टर पूर्ण ९ वर असेल तर तो ट्रान्झिस्टर चालतच नाहीये, बहुतेक पाय उलटे खोचले गेलेत किंवा पहिल्याचा कलेक्टर ग्राउंडला चिकटलाय. व्होल्टेज सगळीकडे बरोबर आणि तरी आवाज नाही, तर ट्रान्झिस्टरना हात न लावता जॅक, स्विच आणि आउटपुटची वायर बघा. आणि डबा लावायच्या आधी झाकणाच्या आतून एक चिठ्ठी चिकटवा, तिच्यावर दोन्ही ट्रान्झिस्टरचा गेन आणि लीकेज, कलेक्टरचा तुमचा आवडता आकडा, बॅटरीचं व्होल्टेज आणि त्या वेळचं तापमान.